बेचाळिसावं नाव

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो.

दिवस स्मृतिदिनाचा, वेळ सकाळी दहाची, ऊन लख्ख. जागा, गावातली जुनी पिठाची गिरणी. युद्धात सैनिकांनी तिच्याच भिंतीशी गावातली एक्केचाळीस माणसं रांगेत उभी करून मारली.

दरवर्षी तिथे हजेरी होते. एकेक नाव पुकारायचं, घरच्यांनी "हजर" म्हणायचं. ज्यांचं अख्खं घरच संपलं, त्यांच्या नावानंतर क्षणभर नुसतं थांबायचं.

यादी मास्तर वाचायचे. त्या वर्षी ते गेले, म्हणून त्यांची मुलगी उभी राहिली.

स्मारक समितीच्या अध्यक्षांनी तिच्या हातात चिठ्ठी सरकवली.

"ताई, शेवटी आमच्या वडिलांचंही नाव घ्या."

"ते तर अंथरुणात गेले, काका. युद्धानंतर वीस वर्षांनी."

"मनाने तेव्हाच गेले होते हो! मास्तर पडले हट्टी. तुम्ही शिकलेल्या. शाळेला मास्तरांचं नाव द्यायचा ठराव आजच येतोय... बघा बुवा."

सैनिकांना घरं कुणी दाखवली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच पुण्याईवर अध्यक्षांच्या घरावर दुसरा मजला चढला होता. मास्तरांनी ते नाव जन्मभर यादीत शिरू दिलं नाही.

तिने चिठ्ठी ठेवून घेतली.

पुकारा सुरू झाला. "हजर." "हजर."

मग सुताराचं नाव आलं. त्याच्या घरात कुणीच उरलं नव्हतं. ती थांबली...

"हजर."

आवाज भिंतीकडून आला. तिथे कुणी नव्हतं.

पुढच्या तशाच नावालाही... "हजर."

लोक माना खाली घालून बसले. कुणी मागे वळेना.

तिने तिथेच थांबायला हवं होतं. तिने चिठ्ठी उलगडली आणि बेचाळिसावं नाव वाचलं.

"हजर!" अध्यक्ष छाती फुगवून ओरडले.



मग भिंतीशी पायांची सरकासरक... कुणासाठी जागा केल्यासारखी.

"हजर ना? मग रांगेत या."

अध्यक्ष असे पळाले की एक बूट तिथेच राहिला. आता सांगत फिरतात, लाउडस्पीकर बिघडला होता. लाउडस्पीकर त्या दिवशी लावलाच नव्हता. ठराव मात्र संध्याकाळी एकमताने मंजूर झाला.

अध्यक्षांचं तिला काही वाटत नाही. असली माणसं ठणठणीत जगतात.

पण सगळे निघून गेल्यावर ती यादीची घडी घालत होती, तेव्हा भिंतीकडून कुणीतरी विचारलं. अगदी हळू...

"वाचलं कुणी?"

तिने अजून उत्तर दिलेलं नाही.