बोरसांगवीच्या दरवाजापुढच्या गाड्या

सूर्य वर आला तेव्हा काळगंगेवरचे धुके अजून विरले नव्हते. ही नदी बोरसांगवीला तीन बाजूंनी वळसा घालते, आणि तिथे काळ्या कातळाचे उभे कडे आहेत. गावात शिरायचे तर चौथ्या बाजूच्या चिंचोळ्या खिंडीतून. एका वेळी एकच बैलगाडी जाईल एवढीच तिची रुंदी. याच खिंडीच्या तोंडावर दरवाजा होता, आणि पलीकडे सुभेदाराच्या फौजेचा वेढा.

रंगाऱ्यांच्या आणि कोष्ट्यांच्या त्या गावातले धान्य संपले होते. म्हणून जिवाजी पाटील पहाटेच एकटे तहाची बोलणी करायला शत्रूच्या गोटात गेले.

"एकटेच का गेले?" विसाजीपंत कुलकर्णी चावडीवर म्हणाले. "साक्षीला कुणी नको, असंच बोलणं असणार. वतन पाटलांना, गाव सुभेदाराला!"

कुणी दुजोरा दिला नाही. पण पाटलांच्या घराकडे चोरून पाहिले सगळ्यांनी.

दुपार कलली आणि खिंडीत गाड्या दिसल्या. पुढे घोड्यावर पाटील, मागे पोत्यांनी भरलेल्या पाच गाड्या. तटावर एकच जल्लोष उठला. दरवाजाचा राखणदार धर्मा नाईक अडसराकडे धावला. पाटलांची बायको साळूबाई बुरुजावर येऊन उभी राहिली.

"साळू!" खालून पाटलांनी साद घातली. "साळू, दरवाजा उघड! धान्य आणलंय!"

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"भुकेनं पाटलांची लाजसुद्धा गेली की," एक कोष्टी हसला.

साळूबाई हसली नाही. लग्नाला वीस वर्षे झाली, पण चारचौघांत त्यांनी कधी तिचे नाव घेतले नव्हते. हाक मारायची तर लेकीच्या नावाने, "यमुने, आईला सांग," अशी. तो माणूस आज साऱ्या गावादेखत नाव घेत होता, तेही दोनदा. हे बोलणे त्यांचे नव्हते. कुणीतरी त्यांच्याकडून वदवत होते.

"नाईक, अडसर काढू नका. जंबुरा पहिल्या गाडीवर धरा."

"वैनी, पुढं पाटील हाईत!"

"दिसतंय मला."

पंत ओरडले, "बाई, लेकरं उपाशी आहेत! उघडा!"

जंबुऱ्याची, बुरुजावरच्या त्या लहान तोफेची, तोटी वळलेली पाटलांनी पाहिली. त्यांनी घोडा मागे वळवला नाही. खिंडीत आडवा घातला. बैल थबकले, मागच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या.

"डागा," साळूबाई म्हणाली.

पहिली गाडी फुटली. मागच्या गाड्यांतली वरची पोती उडवून बंदूकधारी बाहेर पडले. पण त्यांना पुढे सरायला वाट नव्हती. तटावरून गोळ्या सुटत राहिल्या. वाचले ते पळाले. निवडक माणसे गेल्यावर सुभेदारानेही पुढच्या आठवड्यात वेढा उठवला.

पण ते नंतर. त्या दिवशी धूर निवळला तशी साळूबाई दरवाजातून सर्वांत आधी बाहेर पडली. पाटील घोड्याशेजारी निष्प्राण पडले होते.

"शत्रूला इथवर आणलं ते पाटलांनीच," मागून पंत हलकेच म्हणाले. "आणि घाबरलेला माणूसही बायकोचं नाव घेतो."

"घेतो," ती म्हणाली. "पण तोफेपुढं घोडा आडवा घालत नाही."

पंत खाली वाकले, पाटलांचे पाय उचलू लागले. तिने हात मध्ये घातला.

"तुम्ही नको. ती वरची पोती खरी आहेत, ती उचला. घरोघर वाटा, आणि प्रत्येक दारात सांगा, पाटलांनी पाठवलंय."