मोर छाप कौल

"मला आत घाला नि कुलूप लावा," स्वानंदी म्हणाली. "दहा मिनिटांत बाहेर आले, तर केरूकाकांना कामावरून काढायचं नाही."

२००१ सालची मे महिन्याची सुट्टी. पालीजवळच्या बागेत आलेल्या या पुतणीकडे हरिहरकाका चष्म्यावरून बघत राहिले. अढीच्या खोलीतून तीन दिवस आंबे नाहीसे होत होते. कुलूप जसंच्या तसं, किल्ली राखणदार केरूच्या कमरेला. म्हणजे चोर केरू. काकांचा तपास तिथेच संपला होता. केरूची मुलगी सानवी पायरीवर बापाशेजारी बसली होती.

"कुणी शिकवलं गो हे?" आंब्याची खोकी ठोकता ठोकता बागेतला गडी धोंडू हसला.

"जॅक शेपर्डने. अठराव्या शतकातला लंडनचा चोर, सुतारकाम शिकलेला. चार वेळा कैदेतून निसटला. पहारेकरी कुलूप बघायचे, हा भिंती नि छप्पर बघायचा."

"चोराकडे शिकवणी लावलीस?" काका म्हणाले.

"चोर शोधायचाय, मग कुणाकडे लावू?"

काकांनी कुलूप ठोकलं. भाऊ अनिश घड्याळ घेऊन उभा राहिला.

आत पेंढ्याचा नि पिकत्या आंब्यांचा वास. स्वानंदीने वर पाहिलं. सगळीकडे जळमटं, फक्त खोक्यांच्या थप्पीवरचा कोपरा स्वच्छ. ती थप्पीवर चढली. छपराच्या लाकडी रिपांवर नुसती टेकलेली कौलं हाताने उचलली गेली.

"सात मिनिटं," अनिश म्हणाला. छपरातून तिचं डोकं वर आलं होतं.

"खाली उतर आधी," काका ओरडले.

"थांबा. या तीन कौलांना आतून मोराचा छाप आहे. बाकी सगळा हत्ती."

"मोर? आमची कौलं तर एका खेपेत आणलेली."

सानवी उठली. "मोर छाप धोंडूकाकांच्या नव्या पडवीला आहे. गाडीतून कौलं उतरवायला मी होते."

हातोडी थांबली.

"छपरावर चढताना फुटली तीन," धोंडू पुटपुटला. "पाऊस तोंडावर आलेला. भोक कसं ठेवायचं?"

आंबे चोरताना न अडलेला माणूस उघड्या छपरापाशी अडला होता. काकांनी काढून घेतलेली किल्ली केरूपुढे धरली. केरूने हात पुढे केला नाही.

"आधी सगळ्यांसमोर सांगा," सानवी म्हणाली.

काका खाकरले. "चुकलो, केरू. कुलपापलीकडे मी बघितलंच नाही. पोरींनी बघितलं. शाबास."

केरूने किल्ली कमरेला लावली.

"आणि ही कौलं कोण बसवणार?" वरून स्वानंदीने विचारलं.

काकांनी धोंडूकडे पाहिलं. "ज्याला सवय आहे तो. मग आंब्यांचं बोलू."