दगडावरचे हात

"अहो बाई, ते आडनाव नाहीये!"

मी केवढी दचकले! ज्यूंच्या जुन्या कबरस्तानात आपण एकट्याच आहोत अशा समजुतीत असताना कुणी असं ओरडलं, तर काय होईल माणसाचं? मागे वळून पाहिलं. कुणी नाही. ऑक्टोबरची झिमझिम, उतारावर एकमेकांकडे कलून उभे असलेले तांबूस दगड आणि त्यांच्या गळ्यात गळा घालून बसलेली आयव्हीची वेल.

"इकडे... भिंतीकडे बघा!"

छातीएवढ्या भिंतीपलीकडे, द्राक्षमळ्याच्या बांधावर एक तरुण उभा होता. भिजलेली टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि ओठांत कसंबसं दाबलेलं हसू.

"काय आडनाव नाहीये?"

"मघापासून प्रत्येक दगडाच्या माथ्यावरची तीच दोन अक्षरं उतरवून घेताय. आणि मनात म्हणताय, बाई गं, केवढं हे घराणं! अख्खं कबरस्तान यांचंच!"

माझे कान तापले. मी अगदी हेच म्हणत होते.

"ती अक्षरं म्हणजे 'येथे निजला आहे'. सगळ्यांच्याच माथ्यावर असतात. आता त्या हिशोबानं आपण सगळे एकाच घराण्यातले म्हणा..."

"एवढं कळतं तर आत येऊन सांगा की! दुर्बिणीतून परक्या बाईच्या वह्या वाचायच्या, ही कुठली रीत?"

त्यानं टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली. "आत यायला मिळत असतं तर दुर्बीण कशाला घेतली असती? मी कोहेन आहे."

मी वही मिटली. कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचं कूळ, बापाकडून मुलाकडे रक्तानं आलेलं. मेलेल्यांच्या जवळ त्यानं जायचं नाही. बिचारा आपल्याच पूर्वजांच्या दारात, बाहेर उभा.

त्याचं नाव आन्सेल वुर्मसेर. कोल्मारला शाळेत इतिहास शिकवायचा. मी नोएमी. त्या वसंतात माझी आजी गेली होती, आणि प्रार्थनेच्या वेळी कुणीतरी विचारलं, तिच्या आईचं नाव काय? आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. लढाईनं आजीची माणसं नेली होती, आणि उरलेल्यांनी त्यांच्याबद्दल बोलणंच टाकलं होतं. ते नाव शोधायला मी बसनं आजीच्या या गावाला आले होते. हिब्रू वाचता येत नव्हतं, नुसता हट्ट होता.

तेव्हापासून दर रविवारी आमची शाळा भरू लागली. विद्यार्थिनी भिंतीच्या आत, मास्तर भिंतीबाहेर.

"काय दिसतंय?"

"तांब्या. तोटीचा."

"म्हणजे लेवी. कोहेनच्या हातावर पाणी घालणारे. पुढे?"

"खुडलेलं फूल..."

"तरुणपणी गेली असेल कुणी. हळू पुस तिला, नोएमी."

पुस *तिला* म्हणाला. पुस दगडाला, असं नाही. मला वाटतं, मी त्याच क्षणी घसरले. ओल्या गवतावर घसरावं तशी, कुणाला आवाजही न होता.

त्यानं मला पाळण्यावरून कबर शोधायला शिकवलं. आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. माझ्या थोरल्या मावशीचं नाव 'ब्लूमेला', तर समजावं, तिची 'ब्लूमेला' आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. एक नाव पाळण्यात हसतं, ते आधी मातीत निजून आलेलं असतं. तेच सूत धरून, पानगळ संपता संपता, मी कोपऱ्यातल्या एका बुटक्या दगडापाशी पोचले. अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं. भिंतीपलीकडून त्यानं ती जुळवली, आणि अगदी हळू म्हणाला, "ब्लूमेला, मोशेची मुलगी. नोएमी... ही तुझ्या आजीची आई."

मी तिथेच बसून रडले. त्याला आत येता येईना. इकडून तिकडे येरझाऱ्या घातल्या, शेवटी रुमालात बांधलेला आलुबुखारांचा केक भिंतीवरून लांबवर टाकला, तो नेमका चिखलात पडला.

"अरे, ही काय सांत्वन करायची पद्धत झाली?"

"नेम चुकला गं. जवळ असतो तर..." आणि तिथेच थांबला.

ते अर्धं वाक्य मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपले.

पुढच्या रविवारी बस थांब्यावर त्यानं ते पुरं करायला तोंड उघडलं, आणि मी त्याला थांबवलं. आधीच सांगायला हवं होतं. "आन्सेल, माझं लग्न झालं होतं. मेत्झला. दोन वर्षांत मोडलं. धर्माच्या पंचांसमोर रीतसर सोडचिठ्ठी झालीय."

बस आली, दार उघडलं, दार मिटलं, बस गेली. आम्ही दोघं तिथेच.

कोहेननं घटस्फोटितेशी लग्न करायचं नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तू विधवा का नाहीस गं?" तो म्हणाला. "विधवा चालते."

"जाऊन येऊ का मेत्झला? दातांचा डॉक्टर आहे तो. त्याच्याकडे हत्यारंही असतात."

आम्ही हसलो. इतके हसलो की थांब्यावरच्या म्हातारीनं पिशवी उचलून पलीकडचं बाकडं गाठलं. मग हसू सरलं, आणि डोळ्यांत उरलेलं पाणी कुणाच्यानं पुसवेना.

"नगरपालिकेत जाऊन सही केली तर उद्यासुद्धा लग्न लागेल आपलं," तो म्हणाला.

"आणि सणाला तुझ्या बाबांचं कोपर कोण धरेल?"

त्यांच्या सिनेगॉगमध्ये दोनच कोहेन उरले होते, म्हातारा बाप आणि हा. सणाच्या दिवशी दोघं पुढच्या पायरीवर उभे राहायचे, डोक्यावरून शाल ओढून, बोटं फाकवून, हात उचलून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे. तेव्हा वर बघायचं नसतं. मी बायकांच्या सज्जातून चोरून बघितलं होतं. म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, आणि शालीच्या आतून लेकानं त्याचं कोपर उचलून धरलं होतं. माझ्याशी लग्न केलं असतं तर त्याला त्या पायरीवर कधीच उभं राहता आलं नसतं.

हिवाळा आम्ही असाच काढला. भेटायचं, आणि लग्नाचं काही बोलायचं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी तो धावतच माझ्या ऑफिसात आला. त्याची बेर्थ आत्या कॉफी पिता पिता म्हणाली होती, "कोहेन कसले डोंबलाचे! तुझा पणजोबा मायेर आईच्या कडेवर बसून या गावात आला. वुर्मसेर त्याचा सावत्र बाप. खरा बाप कोण, कुणाला माहीत?"

"म्हणजे बघ, नोएमी! कूळ रक्तानं येतं. सावत्र बापाचं लागत नाही. मायेर कोहेन नसेल, तर मीही नाही!"

"आणि बाबा?"

"त्यांना कशाला सांगायचं? ते उचलू देत हात जन्मभर. त्यांचं कोपर धरायला कुणी कूळ विचारत नाही. मला फक्त... मोकळं व्हायचंय."

गावची जुनी दफ्तरं लढाईत जळाली होती. उरला मायेरचा दगड. तो एका वादळात पालथा पडला होता, तोंड मातीत खुपसून. त्याच आठवड्यात गावानं माणसं लावून तो उभा केला होता.

रविवारी द्राक्षांच्या बोडक्या वेलींना थेंब लटकले होते. मी आत गेले, तो भिंतीपाशी राहिला. दुर्बीण घरीच ठेवून आला होता.

"फोटो काढून आणते," मी म्हटलं.

"नको. तू सांग. तू जे सांगशील ते मी मानलं." आणि मग, लहान मुलासारखं, "हात असतील तर... कोहेनच्या दगडावर कोरतात ते, दोन हात, अंगठे जुळलेले. नसले, तर मी ही भिंत चढून येतोय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत!"

मी गुडघे टेकले. दगडावर मातीचं जाड कवच होतं. ओल्या ब्रशनं हळूहळू सोडवत गेले. आधी अंगठा लागला. मग त्याच्याशी जुळलेला दुसरा. मग फाकलेली बोटं, एकेक करून, जणू कुणी आतून मूठ उघडत होतं.

"नोएमी?"

एक शब्द पुरला असता. 'नाहीत.' त्यानं विश्वास ठेवला असता, उडी मारून आला असता, चिखलानं माखलेले माझे हात हातात घेतले असते. तो शब्द माझ्या जिभेवर होता, अजून त्याची चव आठवते.

खालच्या ओळी वाचल्या. *मायेर, नाफ्ताली कोहेनचा मुलगा. बापानं याचं तोंड पाहिलं नाही, यानं बापाचं.* आत्या खोटं बोलली नव्हती. बाप सावत्रच होता. पण जन्माच्या आधी गेलेला खरा बापही कोहेनच होता. तोंड न पाहिलेल्या बापाचं एवढंच त्या पोराकडे होतं, हे दोन हात. आणि मी ते खोडणार? नाव नसलेल्या माणसांसाठी रडत मी या कबरस्तानात आले होते. आता एका माणसाला मीच पुसून घरी जाणार?

"आहेत," मी म्हटलं. "आन्सेल... आहेत रे."

भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. "कसे आहेत?"

"सुंदर आहेत. उजव्या करंगळीचा टवका गेलाय. बाकी... बाकी तुझ्यासारखेच." मी माझे तळवे त्या हातांवर ठेवले. थंडगार होते. "बापाचं नाव नाफ्ताली आहे. लिहून घे. तुझ्या बाबांना आवडेल."

"सांग पुन्हा. सावकाश."

मी सगळा दगड वाचून दाखवला. तो एकेक शब्द माझ्यामागून म्हणत गेला.

मग मी आतून चालत निघाले, तो बाहेरून. मध्ये भिंत. दोघांच्या पावलांचा आवाज मात्र एकच येत होता. फाटकाबाहेर नळ आहे, त्याखाली पत्र्याचं भांडं. मेलेल्यांकडून आलं की हात धुवायचे, ते पुसायचे नाहीत. आणि भांडं हातातून हातात द्यायचं नाही. आपलं दुःख घेणाऱ्याच्या घरी जातं म्हणतात. खाली ठेवायचं.

मी धुतले. माती गेली. भांडं ठेवायला वाकले.

"खाली नको," आन्सेल म्हणाला, आणि हात पुढे केला. "इकडे दे."

मी दिलं.