दम सुटेपर्यंत

डॉ. भार्गव रिसबूड यांच्या प्रयोगशाळेत ट्रेडमिलसमोर पाटी होती : 'धावताना बोलू नये.' बोलण्याने श्वासाचं माप बिघडतं, म्हणून. दोनशे बारा रुग्ण त्या पाटीसमोर मुकाट धावले होते आणि डॉक्टरांचा श्वासानुगामी पेसमेकर दोनशे बारा वेळा पास झाला होता.

दोनशे तेराव्या सुभद्रा शेळके. वय पंचेचाळीस, हृदयाची स्वतःची लय पार बंद पडलेली, सगळे ठोके यंत्राचे. पेशा : कबड्डी प्रशिक्षक. फॉर्मवरची ही ओळ डॉक्टरांनी वाचली नव्हती. रुग्णाबद्दल काही वाचायची त्यांना सवयच नव्हती.

सुभद्रा धावल्या. पडद्यावर नाडी एकशे अठ्ठावीस.

"बघा," डॉक्टर यंत्र तपासणाऱ्या अभियंता केतकी घोरपडेला म्हणाले. "व्यायामात श्वास वाढतो, तशी नाडी वाढते. माझं यंत्र छातीची हालचाल मोजतं आणि त्या हिशेबानं हृदयाला ठोके देतं."

"आणि श्वास न घेता कोणी मेहनत केली तर? पायांची हालचाल टिपणारा दुसरा संवेदक बसवा, सहा महिने सांगतेय."

"श्वास न घेता धावणारा माणूस आणून दाखवा! उद्या मंजुरी आहे, बाई. आता तरी नाक खुपसणं बंद करा."

सुभद्रा मानेवरचा घाम पुसत ट्रेडमिलवरून उतरल्या. "मी दाखवते की. डाक्टर, सोमवारपासनं पोरींना चढाई शिकवायचीय मला. जमंल का, तेवढंच सांगा."

उत्तराची वाट न बघता त्या फरशीवर वाकल्या. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

एकच श्वास, तोही हळूहळू बाहेर. पाय विजेसारखे, छाती जवळपास स्थिर. यंत्राच्या दृष्टीनं बाई खुर्चीत बसल्या होत्या. पडद्यावर बासष्ट. मग साठ.

"सुभद्राताई, थांबा! श्वास घ्या!" केतकी किंचाळली.

पण तीस वर्षं चढाया केलेली खेळाडू समोरच्याच्या ओरडण्यानं दम सोडत नाही. चेहरा राखेसारखा झाला आणि त्या कोसळल्या. पडताच दम सुटला, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली. नव्वद. एकशे वीस. एकशे चाळीस. गालांवर रंग परतला.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "यंत्रानं वाचवलं!"

राग येतो तो याचाच. बाई अजून फरशीवर होत्या आणि या गृहस्थांची नजर पडद्यावरून हललेली नव्हती.

"वाचवलं?" सुभद्रा कोपरावर उठल्या. "काय वाट्टेल ते होऊ दे, दम सोडायचा नाही, एवढंच आजवर पोरींना शिकवलं. आज दम सुटला म्हणून जगले. म्हंजी तुमच्या यंत्रासाठी मी हरायलाच पायजे."

"ताई, उद्याच्या मंजुरीच्या बैठकीत हे—" डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला.

सुभद्रांनी पाटीकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"बैठक कुठं हाय, बाई? मी येते. तिथं बोललेलं चालतं ना?"