तुटक रेषेवरचा शिक्का

रचना भोईर तिसऱ्यांदा खिडकीशी आली, तेव्हा सुहासिनीने मृतजन्माची नोंदवही तिच्यासमोरच उघडली. नऊ तारीख. दहा. अकरा. गोखिवऱ्याच्या त्या नर्सिंग होमचं नाव कुठेच नव्हतं.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "तुझं मूल इथे मेलेलं नाही."

बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

रचना नायगावच्या खाडीकडची. वय सव्वीस, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला. महिन्यापूर्वी तिचं सीझर झालं. शुद्धीवर आली तर डॉक्टर म्हणाले, मुलगी होती, पोटातच गेली, बघू नकोस, बघण्यासारखं काही नाही. नवरा दीपेश घाबरून दाखवतील तिथे सह्या करत सुटला आणि पुढचं सगळं इस्पितळानेच उरकलं. आता कारखान्याला रजेसाठी दाखला हवा होता. जन्माचा नाहीतर मरणाचा, कसला का होईना. आणि प्रभाग कार्यालयाच्या या खिडकीवर तिला दोनदा सांगून झालं होतं की तुझ्या नावावर दोन्हीपैकी काही नाही.

आता हे कसं शक्य आहे? माणूस जन्मला तरी कागद होतो आणि मेला तरी होतो. जन्म-मृत्यू विभागात एकोणीस वर्षं घासलेल्या सुहासिनीला एवढं तरी कळत होतं. दोन्ही कागद नसतील, तर कुणीतरी ते होऊ दिलेले नसतात.

रचनाने जाळीला तोंड लावलं. "मॅडम, मी तिचं रडनं आयकलंय. दीपेश बोलतो, औषधाची गुंगी होती. सासूपन तेच बोलते. पन मी आयकलंय."

रांगेतला एक गृहस्थ घड्याळ बघू लागला. तेवढ्यात आतून गोडांबे साहेब आले. सुधाकर गोडांबे, विभागाचे उपनिबंधक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माणूस लोण्यासारखा मऊ. सुहासिनीचा नवरा गेला तेव्हा तिच्या फायली काखोटीला मारून हाच माणूस पालिकेच्या मुख्यालयात खेटे घालत होता. हल्लीच आजोबा झाला होता. पेढ्यांचा रिकामा खोका अजून त्याच्या टेबलावर टाचण्या ठेवायला होता.

साहेबांनी रचनाला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ती गेल्यावर सुहासिनीला म्हणाले, छोट्या इस्पितळांचे कागद असेच गहाळ होतात. कारखान्याला आपण एक पत्र देऊन टाकू. बिचारीची जखम कशाला उकरायची?

सुहासिनीला ते पटलंसुद्धा. पण ते रडणं काही डोक्यातून जाईना.

इथे जरा कामाची पद्धत सांगायला हवी. मोठी इस्पितळं सगळं कॉम्प्युटरवरून पाठवतात, लहान नर्सिंग होमांचे फॉर्म मात्र अजून कागदीच येतात. एक आडवा कागद, मधोमध तुटक रेषा. डाव्या भागात आईबापांची नावं, पत्ता, तारीख. तो कायमच्या नोंदवहीत जातो आणि त्यावरूनच दाखले निघतात. उजव्या भागात नावं नसतात. आईचं गाव, वय, शिक्षण, कितवं मूल, बाळाचं वजन, असली मोजदादीची माहिती असते. तो फाडून, गठ्ठा बांधून पालघरला पाठवायचा. तिथे तो कोण वाचतं, देव जाणे. दोन्ही भागांवर क्रमांक मात्र एकच.

आणि सुहासिनीची एक खोड होती. फॉर्म फाडण्याआधी ती कार्यालयाचा गोल शिक्का बरोब्बर तुटक रेषेवर मारायची. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्यांचा कॉम्प्युटरवाला परेश यावरून तिची रोज थट्टा करायचा. शिक्का मारताय की भाकरी थापताय, म्हणायचा.

जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगल्यावर तिने पर्समधून किल्ली काढली आणि आपलं कपाट उघडलं. पालघरची गाडी दोन महिने फिरकली नव्हती, गठ्ठे सगळे जागच्या जागी होते. गोखिवऱ्याचं ते नर्सिंग होम, नऊ तारीख. तिथला त्या दिवशीचा एकच जन्म निघाला. क्रमांक अकराशे चौऱ्याऐंशी.

आईचं गाव, नायगाव. वय सव्वीस. शिक्षण दहावी. काम, कारखान्यात. प्रसूती सीझर. मुलगी. वजन दोन किलो आठशे. जिवंत जन्मलेलं कितवं मूल, दुसरं.

रचनाचा पहिला मुलगा चार वर्षांचा होता. मागच्या खेपेला तो याच जाळीला लोंबकळला होता.

सुहासिनीने नोंदवहीत अकराशे चौऱ्याऐंशीचा डावा भाग काढला. मुलगी, तीच तारीख, तेच नर्सिंग होम. पण आईचं नाव मुक्ता निरंजन तांबे. पत्ता ठाण्याचा.

मुक्ता. हे नाव आपण कुठेतरी वाचलंय, असं तिला वाटलं. ऐकलेलं नाही, वाचलेलं. पण दिवसाला सत्तर नावं वाचणाऱ्या बाईला असं वाटायचंच. मग तिची नजर खाली गेली. डाव्या भागावर शिक्का होता. गोल, ठसठशीत, पूर्ण.

डबा तसाच राहिला.

पहिला संशय परेशवर गेला. त्या नर्सिंग होमचं कॅलेंडर त्याच्याच टेबलामागे होतं. जेवून आल्याबरोबर तिने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"अकराशे चौऱ्याऐंशी तू कॉम्प्युटरवर कधी चढवलंस?"

त्याने स्क्रीन पाहिली. "अठरा तारखेला."

"इतक्या उशिरा का?"

"मॅडम, बारा ते सतरा मी पालघरला ट्रेनिंगला होतो. तिथला चहा आठवला तरी अजून मळमळतं."

"तेव्हा वहीत नाव हेच होतं?"

"जे होतं ते चढवलं. तुम्हीपण नव्हता ना तेव्हा. संगमेश्वरला भाच्याचं लग्न." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "काय झालंय?"

सुटल्यावर घरी न जाता सुहासिनी रिक्षाने होळी नावाच्या गावाला गेली. त्या नर्सिंग होमच्या रोझमेरी सिस्टर तिथल्या. महिनाभर त्या कामावर नाहीत, एवढं तिने फोनवरून काढलं होतं. वाडीत मुळ्याच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. ओळख सांगितल्यावर त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग स्टूल पुढे सरकवलं.

"नऊ तारखेचा फॉर्म कोणी भरला?"

"मी. मुलगी होती. दोन किलो आठशे."

"जिवंत?"

रोझमेरीने मान वर केली. "म्हणजे काय? बाहेर आल्या आल्या रडली. आई गुंगीत होती. माझी ड्युटी संपलेली, म्हटलं उठली की बघेल."

"आणि फॉर्म?"

"जाता जाता मीच तुमच्या ऑफिसात टाकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन, उद्यापासून येऊ नका. मी विचारलं, माझं काय चुकलं? तर म्हणाले, फॉर्म द्यायला कोणी सांगितलं होतं?" जुडी बांधता बांधता त्यांचे हात थांबले. "मॅडम, बाळ बरं आहे ना?"

मुळ्याची एक जुडी घेऊन सुहासिनी निघाली. मुक्ता हे नाव कुठे वाचलं होतं, ते तिला परतीच्या रिक्षात आठवलं. माणसाने असं काही आठवू नये. तिने रिक्षावाल्याला घराऐवजी पोलीस ठाण्याचा पत्ता सांगितला.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौघं होती. साहेब, पालिकेचे आरोग्य अधिकारी, पोलीस उपनिरीक्षक रीमा ठाकूर आणि सुहासिनी. दारात परेश.

साहेबांनी दोन्ही भाग पाहिले आणि मान हलवली. गडबड नर्सिंग होमचीच आहे, म्हणाले. त्यांनीच एका फॉर्मवर दोन बायकांची माहिती भरून पाठवली.

"तसं असतं तर या डाव्या भागावर अर्धा शिक्का असता," सुहासिनी म्हणाली. "मी शिक्का मारते तेव्हा कागद अखंड असतो. उजव्या भागावर बघा, अर्धा आहे. त्याचा जोडीदार गेला कुठे? इथे तर पूर्ण गोल आहे. म्हणजे मी फाडल्यानंतर खरा डावा भाग कुणीतरी काढला आणि हा लिहून बसवला. याच कार्यालयात, याच शिक्क्याने."

"नोंद सरळ गाळली का नाही?" रीमाने विचारलं.

"क्रमांक पडला होता. त्र्याऐंशीनंतर एकदम पंच्याऐंशी आला तर तपासनीस पहिलं तेच विचारतो. बेत दुसऱ्या आईच्या नावाचा नवा फॉर्म आणायचा होता. पण सिस्टरने खरा आधीच आणून टाकला आणि मी त्यावर क्रमांक घातला. मग त्याच क्रमांकावर दुसरी आई बसवावी लागली. उजवा भाग बदलता आला नाही, कारण कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आणि मी संगमेश्वरला."

"मागे कोण होतं?"

"परेश पालघरला होता, तिथल्या हजेरीवर त्याच्या सह्या आहेत. शिक्का मी जाताना साहेबांच्या हातात दिला. त्यांच्याकडूनच परत घेतला, पेढ्यासकट."



"मुक्ता तांबे कोण?" रीमाने साहेबांना विचारलं. उत्तर सुहासिनीनेच दिलं.

"ज्ञानदा. साहेबांची मुलगी. तिच्या लग्नात तांदळाचं ताट धरून मीच उभी होते. जावयाने अंगठीने तांदळात नवं नाव लिहिलं, मुक्ता. आम्ही मात्र तिला ज्ञानदाच म्हणत राहिलो. साहेब, लेकीला ताप आला तरी तुम्ही अख्ख्या मजल्याला सांगता. आठ वर्षांनी तिला दिवस गेले असते, तर सातव्या महिन्यात ओटी भरायला आम्हाला बोलावलं नसतंत? पेढा खाताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पेढ्याच्या खोक्यावर ठेवला.

"ज्ञानदाला काही माहीत नाही," ते म्हणाले. "तिला सांगितलंय, आईने टाकलेलं मूल आहे. डॉक्टर जुना मित्र. तोच मला म्हणाला, आईला नकोय."

"ती तीनदा आली होती इथे. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. नको असलेलं मूल शोधायला कोणी तीनदा येतं का?"

"तिला एक आहे, सुहासिनीबाई," साहेब म्हणाले. "माझ्या ज्ञानदाला काहीच नव्हतं."

सुहासिनीला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की ती तशीच बाहेर निघून गेली. रीमाने त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा साहेब मुकाट उठले. डॉक्टरला त्याच सकाळी उचललं होतं.

मूल रचनाचंच, असा डीएनए तपासणीचा अहवाल यायला दोन महिने गेले. तोवर बाळ बालकल्याण समितीच्या बालगृहात होतं. ज्ञानदाने स्वतः नेऊन दिलं म्हणे. दुपटी घड्या घालून दिली आणि रात्री कुठल्या कुशीवर झोपते तेही सांगितलं. हे ऐकल्यावर सुहासिनी दोन दिवस नीट जेवली नाही.

मग कोर्टाचा हुकूम आला. अकराशे चौऱ्याऐंशीच्या समासात शेरा पडला, आई रचना दीपेश भोईर. रचना खिडकीशी आली तेव्हा पोरगी तिच्या खांद्यावर झोपली होती. चार वर्षांचा भाऊ नेहमीप्रमाणे जाळीला लोंबकळत होता.

सुहासिनीने दाखला छापला, सही घेतली, शिक्का मारला. "नावाचा रकाना रिकामा आहे. काय लिहू?"

"आत्ताच लिहायला लागतंय?"

"नाही. वर्षभरात कधीही ये, फुकट टाकून देईन."

"मग ऱ्हाऊ द्या," रचना म्हणाली. "बारसं करू सावकाश."

शिक्क्याच्या आवाजाने पोरगी जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, बाई, करा की तिला गप्प. परेश की-बोर्डवरचे हात उचलून बघत राहिला.

रचनाने काही तिला गप्प केलं नाही. खांद्यावरून उतरवून तिने पोरीचं तोंड आपल्या कानाशी धरलं आणि डोळे मिटून ती ऐकत उभी राहिली.