राहिलेली ओळ

केंद्राची पाटी पुन्हा बदलत होती. आधी ‘बालवाचन संशोधन केंद्र’, मग ‘अध्ययन विकास संस्था’, आता ‘शैक्षणिक गुणवत्ता प्राधिकरण’.

“एवढी बारशी तर आमच्या घरातल्या पोरांचीही झाली नाहीत,” शिडी धरून उभा असलेला शिपाई म्हणाला.

निरीक्षकबाई हसल्या, पण मन थाऱ्यावर नव्हते. नव्या रचनेत वाचनाचा विभागच नव्हता. त्यांची निरीक्षणाची खोली दुपारी पाडायची होती.

खोली म्हणजे खरे तर दोन खोल्या आणि मधल्या भिंतीत मोठी काच. उजेडाच्या बाजूला बुटक्या खुर्च्या. तिथून काच आरशासारखी दिसे. अंधाऱ्या बाजूला बसून बाई मुलांचे वाचन न्याहाळत. मुलांना चाहूल लागू द्यायची नाही, हा नियम.

मागच्या नामांतराच्या दिवशी तिथे एक मुलगा वाचत होता. सगळे त्याला कासव म्हणत. ‘आमचं घर नदीच्या’ इथवर तो आला. पुढचा ‘पलीकडे’ हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. तेवढ्यात कुणीतरी दारातून सांगितले, प्रकल्प बंद. मुलाला उठवून नेले. तो पुन्हा कधी दिसला नाही.

खोलीला कुलूप लागले. तरीही बाई अधूनमधून आत डोकावत, तेव्हा एकावर एक रचलेल्या खुर्च्यांतली एक खाली उतरलेली असे. झाडताना कुणी काढली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग काचेच्या पलीकडच्या अंगाला, लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा ठिपका दिसू लागला. ओल असेल, त्या म्हणाल्या. पण ओल अशी थांबत, अडखळत, पुन्हा धीर करून उमटत नाही.

“एक दिवस थांबता येईल का?” त्यांनी संचालकांना विचारले.

“बाई, भिंत पडल्याशिवाय सभागृह कसं होणार?” संचालक मायेने म्हणाले. “तुम्ही जीव फार लावता.”

दुपारी बाई उजेडाच्या बाजूला गेल्या. एक खुर्ची काचेसमोर होतीच. शेजारी दुसरी ओढून, गुडघे दुमडून त्या बसल्या. पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवले.

“घाई नाही, बाळा. कुठे अडलं होतं?”

खडूचा वास आला. रस्त्यावरची वर्दळ ऐकू येईनाशी झाली.

काचेवर ठिपका उमटला.

“आमचं घर नदीच्या…” बाई हळूच म्हणाल्या, आणि थांबल्या.

ठिपका विरला. पुन्हा उमटला.

दार करकरले. मिस्तरी घण घेऊन उभा होता. बाई ओशाळून उठू लागल्या. रिकाम्या खुर्चीशी बोलण्याचा खुलासा त्या काय करणार?

मिस्तरीने आवाज न करता घण जमिनीवर टेकवला.

“बसा, बसा,” तो कुजबुजला. “पोराचं वाचून होऊ दे. आत्ताच तर ‘पलीकडे’ म्हणाला.”