पाणी बंद असलं तर

चांगलं व्याख्यान ओळखायची माझी एक रीत आहे. सुरुवातीला संगीत वाजलं की पुढे ढकलायचं. ‘मित्रांनो, तुम्हाला ठाऊक आहे का’ म्हणणाऱ्याला तिथेच हात जोडायचे. मग थेट शेवटाकडे जायचं, लोक प्रश्न विचारतात तिथे. प्रश्न ऐकून वक्ता थांबला, डोकं खाजवून ‘हे मला माहीत नाही’ म्हणाला, की तो माणूस खरा. मग पहिल्यापासून ऐकायचं.

हे मी मशीनवर बसून शिकले. बोईसरच्या आमच्या खोलीत मी कंपन्यांसाठी फिल्टर बॅगा शिवते. जाड पांढऱ्या कापडाच्या पिशव्या असतात, त्यातून कंपनीत औषधाची भुकटी गाळतात. हातांना काम असतं, कान रिकामे. शाळा नववीत सुटली, पण त्या रिकाम्या कानांनी मी तारे ऐकले, जंतू ऐकले, पूल का कोसळतात ते ऐकलं. नवरा पुंडलिक, एमआयडीसीतल्या एका कंपनीत रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे औषध शिजवायच्या मोठ्या बंद भांड्यावर, ऑपरेटर. डबा भरता भरता मी काही सांगायला लागले की म्हणायचा, “काय जमना, पृथ्वी फिरतेय ना अजून?”

“फिरतेय.”

“मंग मी निंगतो. नायतर सायेब फिरंल.”

गेल्या फेब्रुवारीत तो रिअ‍ॅक्टर फुटला. त्यात पुंडलिक गेला. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

दिवाळीनंतर त्याच्या कंपनीने सुरक्षेवर एक भाषण इंटरनेटवर टाकलं. सुरुवातीला संगीत. मग हर्षित साहेब, प्लँटचे मॅनेजर, कडक इस्त्रीच्या शर्टात. हेच साहेब आमच्या पलंगावर बसून रुमालाने डोळे टिपून गेले होते. भाषणात म्हणाले, “एका ऑपरेटरने कूलिंग सुरू करण्याचा साधा नियम पाळला नाही. एका क्षणाच्या निष्काळजीपणाची ही किंमत.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय होती? सगळ्या बोईसरला ठाऊक होतं. कामावर नवीन लागणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी ते भाषण दाखवायला लागले. माझी मुलगी स्नेहल पालघरला कॉलेजात जाते. तिथेही कुणीतरी ते वर्गात लावलं. ती घरी आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

निष्काळजी कोण, तर पुंडलिक. शेगडी बंद केल्यावर तिची कळ पुन्हा एकदा हलवून बघणारा माणूस.

मी कंपनीच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला दुसरं काही नको, तेवढं वाक्य काढा. हर्षित साहेब म्हणाले, “ताई, तुमच्या भावना मी समजतो. पण हे टेक्निकल आहे.”

टेक्निकल! बरं. टेक्निकल तर टेक्निकल.

तेव्हापासून मी रिअ‍ॅक्टर का फुटतो ते शोधायला लागले. सुकटीतून खडे वेचतात. इथे खड्यांतून सुकट वेचायची होती. एकजण स्फोटांच्या चित्रफिती एकामागून एक दाखवत ‘बघा, बघा’ म्हणत होता, त्याला तर मी फोनमधूनच थोबाडीत मारली असती. एकजण क्लासची जाहिरात करत होता. एकाला विषय कळत होता, पण आपल्याला कळतो याचंच त्याला फार कौतुक.

मग एका दुपारी ते सापडलं. मराठीत होतं. संगीत नाही, नाव नाही, तारीख नाही. मोठा हॉल, मोठा काळा फळा, आणि आपल्याकडे पाठ करून खडूने लिहिणारा एक माणूस. अलीकडे बाकांवर बसलेल्या माणसांच्या पाठी. मी सवयीने शेवटाकडे गेले, पण शेवट सापडेना. मी सरकवत गेले तसा तो पुढे सरकत गेला. म्हटलं, नेट खराब असेल.

पण माणूस खरा होता. म्हणाला, “दूध वर आलं की आपण आच बंद करतो. इथे आच बाहेर नाही, दुधातच आहे. भांडं मोठं घेतलं की दूध फार वाढतं, भांड्याचं अंग त्या मानाने थोडंच वाढतं. एवढी ऊब बाहेर टाकायला ते अंग पुरत नाही. म्हणून भोवती गार पाणी फिरवायचं. ते फिरतंय तोवर सगळं ठीक.” इतक्या वर्षांत इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी शिवत होते, ऐकत होते, आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं.

मागे भोंगा वाजला, आपल्या एमआयडीसीतला. बाहेरून आला समजून मी मशीन थांबवलं. पण त्या वेळेला आमच्याकडे भोंगा नसतो. मी पुन्हा शिवायला लागले.

तिसऱ्या बाकावरचा एक माणूस उभा राहिला. काखेत हेल्मेट.

“सर, पानी बंद आसलं तं काय करायचं?”

माझा पाय मशीनच्या पायट्यावरून निघेना. बॅगेवरची शिवण तिरकी गेली आणि तशीच पुढे जात राहिली.

“प्रश्न शेवटी,” फळ्याकडचा माणूस मागे न वळता म्हणाला. पुंडलिक खाली बसला.

मी पुन्हा लावलं. तो पुन्हा उठला, तेच विचारलं, या वेळी जरा दबून. “प्रश्न शेवटी.” दुसऱ्या दिवशी लावलं. तेच.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. जिवंतपणी साहेब त्याला ‘नंतर बघू’ म्हणायचे, आणि मेल्यावरही नंतरच? “अरे मेल्या, तुझ्या भाषणाला शेवट आहे कुठे?” मी फोनवर ओरडले. शेजारच्या हिमानीने कुकर उतरवला आणि दारातून डोकावून गेली.

स्नेहलला मी ते दाखवलं नाही. तिला ऐकू आलं असतं तरी वाईट, नसतं आलं तरी वाईट.

देवूला दाखवलं. देवू पुंडलिकच्या पाळीतला हेल्पर, आमच्याच चाळीत राहतो. त्या दिवशी गोणी आणायला खाली गेला होता म्हणून वाचला. चहाची कपबशी हातात धरून तो फोनकडे बघत होता. प्रश्न ऐकला आणि कप खाली ठेवला.

“वैनी, बंद करा ते.”

“ओळखलास ना आवाज?”

त्याने फोन पालथा घातला. मग म्हणाला, “पानी सकालपासनंच बंद व्हतं. पंप खोलून ठेवला व्हता. दादानं आतल्या फोनवरनं सायबाला हाच सवाल इचारला.”

“साहेब काय म्हणाला?”

“फोन दादाच्या कानाला व्हता, माज्या नाय.” त्याने दाराकडे पाहिलं. “मी हे कुठं बोलनार नाय, वैनी. कंत्राटाचा मानूस मी. उद्या गेटवरनं हाकलतील.”

“आणि तुझ्या दादाचं काय? तो निष्काळजी?”

“दादा कवा निष्काळजी व्हता?” तो एकदम चिडून म्हणाला, आणि चहा तसाच टाकून गेला. मला त्याचाही राग आला आणि त्याची कीवही. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस भांडी आपटतो. मी आपटली.

पाणी बंद होतं, चौकशी करा, असा मी सरकारकडे अर्ज केला होता, त्याची सुनावणी पालघरला लागली. चकचकीत फरशांची सरकारी इमारत, टेबलापलीकडे चौकशी अधिकारी दीपा मॅडम. बाई सरळ होत्या. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं. हर्षित साहेब शेजारच्या खुर्चीत, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून.

“ताई, पाणी बंद होतं म्हणता. कशावरून?”

माझ्याकडे दुसरं काय होतं? मी फोन टेबलावर ठेवला.

“मॅडम, ह्या इंटरनेटवर काहीबाही ऐकत असतात,” साहेब हसून म्हणाले.

मी लावलं. दूध. भांडं. भांड्याचं अंग.

“आवाज येत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “नुसता फळा दिसतोय.” त्यांनी बटण दाबून आवाज वाढवला, फोन कानाशी नेला, परत खाली ठेवला.

साहेब आता हसत नव्हते. ते ऐकत होते.

पुंडलिक उठला.

“सर, पानी बंद आसलं तं काय करायचं?”

खडू थांबला.

“याचं उत्तर,” पाठमोरा माणूस म्हणाला, “कोण देणार?”

हर्षित साहेब खुर्चीतून उठले. वर्गात पोरं उठतात तसे, हात बाजूला सरळ.

“सर, बॅच चालू ठेवायची. थांबवली तर वाया जाईल. पाणी दुपारी येईल. मी त्याला फोनवर असंच सांगितलं, सर.”

“बसा.”

ते बसले.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. “कुणाला सांगितलं?”

“काय कुणाला?” साहेबांनी विचारलं. कपाळावर घाम होता. त्यांना खरंच कळत नव्हतं. कारकुनाने मात्र सगळं लिहून घेतलं होतं.

त्यानंतर जे व्हायचं ते होत गेलं. पंप कधी खोलला, कुणी खोलला, याची चौकशी लागली. कंपनीचं ते भाषण इंटरनेटवरून गेलं. स्नेहलने स्वतः शोधून पाहिलं, दोनदा, आणि म्हणाली, “आई, नाहीये.” मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

राग गेला नाही. पण पुंडलिकला सांगावं असं वाटलं. एका सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मी मशीनवर बसले आणि व्याख्यान लावलं.

तो तिसऱ्या बाकावर होता. उठला नाही. पहिल्यांदाच पाठ टेकून बसला होता, कामावरून आल्यावर भिंतीला टेकून बसायचा तसा. मानेमागचे केस वाढले होते. मी नुसती बघत राहिले. दूध, भांडं, भांड्याचं अंग.

हॉलच्या मागच्या बाजूला कुणीतरी आलं आणि तसंच उभं राहिलं.

“सर, अलारम वाजलाच नाय तं?”

देवूचा आवाज.

देवू पहिल्या पाळीला गेला होता. माझ्या दारावरूनच, डबा घेऊन. मी त्याला फोन लावला. बंद. कंपनीत फोन गेटवरच काढून घेतात. मी गेटवर फोन लावला. नुसता वाजत राहिला.

“प्रश्न शेवटी,” फळ्याकडचा माणूस म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, “त्यांना बसायला जागा द्या.”

“सरकू नकोस!” मी ओरडले. “पुंडलिक, सरकू नकोस!”

पुंडलिक बाकावर थोडासा सरकला.